अर्धा सूर वर

पुण्यतिथीच्या दिवशी सकाळी नानांनी काठीच्या टोकानं पेटी दाखवली आणि म्हणाले, "कृष्णा, ती आत नेऊन ठेव."

कृष्णकांताला वाटलं, उन्हाचं म्हणताहेत. माघातलं कोवळं ऊन खिडकीतून सतरंजीवर आलं होतं. त्यानं पेटी उचलली आणि भिंतीकडे सरकवली.

"तिथं नाही. आत. आज पेटी नको."

"कुणाच्या गाण्याला नको?"

"शरयूच्या. आणि तिच्यानंतर कोणी बसायचं नाही. आज ती शेवटी गाईल."

झालं! एवढं बोलून नाना पुन्हा सुपारी कातरायला लागले. जसं काही गवळ्याला सांगावं, उद्या पावशेर दूध जास्त घाल. चाळीस वर्षांचा घोडा झालेला त्यांचा मुलगा हातात पेटी घेऊन तसाच उभा राहिला. नानांना उलटून विचारण्याची या घरात पद्धत नव्हती.

नानांच्या गुरूंची ही पुण्यतिथी वर्ध्याच्या या घरात तेवीस वर्षं होत होती. दुपारी गाणं, दिवेलागणीला पंगत. त्यात एक नेम होता आणि तो सगळ्या गावाला ठाऊक होता. शेवटी बसेल तो या घराच्या गाण्याचा मालक. अठरा वर्षं नाना शेवटी बसले. मग त्यांना अर्धांगाचा झटका आला. हातपाय वाचले, गळा गेला. तेव्हापासून पाच वर्षं शेवटची जागा कृष्णकांताची होती. तो गात नसे, अर्धा तास एकटा पेटी वाजवी. लोक मान डोलवत, नाना डोळे मिटून ऐकत, आणि त्या अर्ध्या तासावर कृष्णकांत पुढचं वर्ष काढी.

आता ती जागा शरयूची. त्याच्याहून सोळा वर्षांनी लहान बहिणीची, जिला सा म्हणजे काय ते त्यानंच मांडीवर बसवून शिकवलं होतं.

स्वयंपाकघराच्या मागच्या खोलीत सुधा वाटाणे सोलत बसली होती. नवऱ्यानं पेटी आणून धान्याच्या कोठीशेजारी टेकवली तशी तिनं वर पाहिलं.

"हे काय? पेटी इकडं कशाला?"

"नानांनी सांगितलं. शरयूला आज पेटीशिवाय गायची सवय व्हायला हवी. गुरुवारी नागपूरला तिला तसंच गायचं आहे."

"आणि तुम्ही? तुम्ही केव्हा बसणार?"

"मी नाही बसणार. ती शेवटी आहे."

सुधानं हातातली शेंग सुपात टाकली. "तरी मी म्हणत होते. ते रेडिओचं पत्र आलं ना, त्या दिवसापासून या घरात तुमचं पान मागं सरकून राहिलंय. तुम्हीच वाचून दाखवलंत मोठ्या हौसेनं!"

पत्र त्यानंच वाचून दाखवलं होतं, हे खरं. आठ दिवसांपूर्वी नागपूरच्या रेडिओ केंद्राचा लांबट लिफाफा आला, नानांना चष्म्यातूनही टाइपाची बारीक अक्षरं दिसेनात, म्हणून कृष्णकांतानं वाचलं. कुमारी शरयू हिनं गुरुवारी अकरा वाजता आवाजाच्या चाचणीसाठी हजर राहावं. चाचणीत उतरली तर दोन-तीन महिन्यांनी एकदा कार्यक्रम, त्याचं मानधन, छापील कागदावर नाव. खाली आणखी एक ओळ होती. साथीला हार्मोनियम चालणार नाही. ती ओळ त्यानं जरा भरभर वाचली होती. तरी नानांनी ऐकलीच.

पेटी रेडिओत घेत नाहीत, हे त्याला माहीत नव्हतं असं नाही. सगळ्या गाणाऱ्यांना माहीत होतं. म्हणे तिचे सूर ठोकळ्यासारखे, आपल्या गाण्यातली ओढ तिच्यातून निघत नाही, शिवाय बाई विलायतेहून आलेली. असेल बाबा. पण हे दुसऱ्या कुणाच्या पेटीबद्दल असावं, असं त्याला इतके दिवस वाटत आलं होतं. माणसाचं असंच असतं. गावात साथ आली तरी वाटतं, आपलं दार ती ओलांडणार नाही.

"जा की नानांकडे," सुधा म्हणाली. "विचारा त्यांना. सव्वीस वर्षं त्यांच्या डाव्या हाताला बसलात, त्याचं काय झालं म्हणावं."

"विचारून काय होणार आहे?"

"काही नाही झालं तरी विचारावं माणसानं!" सुधा म्हणाली आणि रागारागानं वाटाणे सोलायला लागली.

अकराच्या सुमाराला वासुदेवमामा आले. कृष्णकांताच्या आईचे हे भाऊ. बहीण जाऊन बारा वर्षं झाली, पण मामांनी पुण्यतिथी चुकवली नव्हती. वडनेरचे मालगुजार, म्हणजे तिथले जमीनदार, होते तेव्हा छकड्यातून गव्हाचं पोतं यायचं. आता मालगुजारी गेली, मामा सर्व्हिस मोटारीतून आले, पण तुरीच्या शेंगांचं गाठोडं मात्र घेऊनच आले.

"दाजी, ऐकलं ते खरं हाय का?" पाय धुतल्याधुतल्या त्यांनी नानांना विचारलं. "पोरीले रेडिओवर धाडून राह्यले म्हणते तुमी!"

"अजून धाडलं नाही. आज ऐकीन, मग ठरवीन."

"ऐकाचं काय त्यात? मी अमरावतीचं ठिकाण सांगत होतो ना तुमाले? पोरगा कचेरीत हाय, घरचं शेत हाय. त्याईचं एकच म्हणणं. पोरगी गाते तर देव्हाऱ्यासमोर गाऊ द्या, रेडिओवर नको. अन् तुमी तर गुरुवारचीच तारीख काढली!"

कृष्णकांत सतरंज्या अंथरत होता. त्याचा हात थांबला. अमरावतीचं स्थळ त्याला कधीच फारसं पसंत नव्हतं, मुलगा पान खाऊन भिंतीवर थुंकतो हे त्यानं स्वतः पाहिलं होतं. पण त्या क्षणी ते स्थळ त्याला एकदम बरं वाटायला लागलं. काय वाईट आहे त्यात? घरचं शेत आहे म्हणतात.

"मामा म्हणतात त्यात तथ्य आहे, नाना," तो म्हणाला. "चोवीस वर्षांची झाली ती."

नानांनी त्याच्याकडे पाहिलं. आधी खोकून घसा मोकळा केला. झटक्यानंतर त्यांचा आवाज जुन्या दाराच्या बिजागरीसारखा येई, आणि लांब बोलायचं तर ते आधी शक्ती गोळा करत.

"वासुदेवराव, तुमच्याकडे मी किती वेळा गायलो?"

"त्याची काय मोजदाद हाय का? दर दसऱ्याले, दर होळीले."

"आता मालगुजारी गेल्यावर किती बैठका केल्यात?"

मामांनी टोपी काढून मांडीवर ठेवली. मग म्हणाले, "खोटं काऊन बोलू? एकई नाई. अन् केली तरी येते कोन, दाजी? परवा कारंज्याले गेलतो. मोटारस्टँडवरच्या हॉटेलवाल्यानं रेडिओ आणला. सिलोन लावते तो. सिनेमाचं गाणं सुरू झालं का पोट्टे चहा थंडा होऊ देते, पन हलत नाई. त्याईले तुमचा मुलतानी आयकवाचा म्हटलं तर मारतीन मले."

"कृष्णा, तुझ्या गाण्याच्या वर्गात किती मुलं?"

"अकरा," कृष्णकांत म्हणाला. "गेल्या वर्षी सव्वीस होती."

"त्या अकरांत पोरी किती?"

"आठ. त्यांतल्या सहा लग्न ठरेपर्यंत येतात. पाहायला आले की एक चीज म्हणून दाखवता आली पाहिजे, एवढ्याचसाठी."  वर्ग त्याचाच होता आणि ही काळजी त्याला रोज होती. नवा एखादा मुलगा आला की पहिल्या दिवशी विचारी, सिनेमातलं गाणं पेटीवर केव्हा वाजवता येईल?

"मग सांगा," नाना म्हणाले. "राजे गेले, मालगुजार गेले. आता हे गाणं पोसेल असं एकच घर उरलंय, ते म्हणजे रेडिओ. माझ्या गुरूंनी मला पन्नास चिजा दिल्या. त्या मी पोटात घेऊन मेलो तर वर त्यांना काय तोंड दाखवू? या घरातला एक तरी गळा त्या डब्यातून वाजला पाहिजे. मग लोक चहा थंड करोत नाही तर न करोत."

या घरातला एक तरी गळा. कृष्णकांतानं सतरंजीची सुरकुती काढली, मग नसलेलीही काढली.

त्यालाही गळा होता हो! बाराव्या वर्षी वडनेरला मामांच्या चौकात तो गायला तेव्हा म्हाताऱ्यांनी डोळे पुसले होते. चौदाव्या वर्षी आवाज फुटायला लागला. नानांनी पट्टी उतरवली नाही. रियाजानं बसतो म्हणाले. रोज पहाटे त्याच उंच पट्टीत, घसा सोलून निघेपर्यंत. सहा महिन्यांनी त्या गळ्यातून नुसता खरखराट निघायला लागला, आणि एक दिवस काही न बोलता नानांनी त्याच्यापुढे पेटी सरकवली. "साथीला बस," एवढंच म्हणाले. त्याला आता सव्वीस वर्षं झाली. नानांनी या विषयावर अवाक्षर काढलं नाही, आणि त्यानंही नाही.

दुपारी अडीचला तो तंबोरा लावायला बसला. घरात तंबोरा लावायचा तो त्यानंच, एवढं एक काम अजून त्याच्याकडे होतं. खोलीत कोणी नव्हतं. सुधा चुलीपाशी, नाना आत आडवे झालेले, मामा ओसरीवर घोरत होते.

शरयूचा सा म्हणजे पेटीची चौथी काळी पट्टी. काळी चार. ती चौदा वर्षांची असताना कृष्णकांतानंच ती ठरवून दिली होती, आणि नानांनी मान हलवली होती. त्या पट्टीत ती वरच्या गंधारापर्यंत पोचे खरी, पण जेमतेम. तिथं तिचा गळा ताणला जाई, मानेची शीर फुगे. याच्यावर हिची धाव नाही, हे त्याला दहा वर्षं माहीत होतं. दुसऱ्या कुणाला इतकं नेमकं माहीत नव्हतं.

आज तिला मुलतानी राग गायचा होता, आणि त्यात वरच्या गंधाराला पर्याय नाही.

त्यानं जोडीची तार काळी चारला आणली. छेडली. बरोबर लागली होती. मग त्याचा हात खुंटीवर तसाच राहिला, आणि त्यानं ती आणखी थोडी पिळली. अर्धा सूर. काळी चारच्या शेजारची पांढरी सहा. एवढंसं अंतर, बोटाच्या पेराएवढंही नाही. पण गंधारावर पोचताना हेच अंतर डोंगराएवढं होतं, ते ज्याचा गळा तिथं फाटला त्यालाच कळावं.

मनात काही ठरवून केलं का त्यानं? तो स्वतःला नंतर सांगत राहिला, की नाही. पण दुसरी तार त्याच सुरात मिळवताना हात कापला नाही, पंचम मिळवताना कापला नाही, खर्जही त्यानं चांगला घोटून लावला. तीस माणसांसमोर ती फाटेल. नाना म्हणतील, अजून तयार नाही. गुरुवार टळेल. नंतरचं नंतर. आणि हे त्याला चक्क बरं वाटलं.

तेवढ्यात प्रेमदास आला. नालवाडीचा प्रेमदास, नगरपालिकेच्या शाळेत मास्तर. दहा वर्षांपासून नानांकडे तबला शिकत होता आणि आता साथ करी. गेल्या दसऱ्याला नागपूरला जाऊन त्यानं दीक्षा घेतली, तेव्हापासून दारात उभा राहून ठसक्यात "जय भीम" म्हणे. मामा तेवढ्यापुरते झोपेत असत. नाना मात्र आतून "ये रे, ये" म्हणत.

प्रेमदासनं तबला गादीवर ठेवला, तंबोऱ्याशी कान नेला, तबल्यावर एक टिचकी मारली. पुन्हा मारली. मग त्यानं कृष्णकांताकडे पाहिलं.

"दादा, तंबोरा वर गेला का?"

"का?"

"मी घरूनच काळी चारवर चढवून आणला तबला. हे तर पांढरी सहा हाय."

"असेल."

"असेल काऊन? तुमच्या हातून कधी चुकत नाई असं."

कृष्णकांतानं तंबोऱ्याच्या गवसणीची घडी घातली. "नानांनी सांगितलंय," तो म्हणाला.

प्रेमदासनं तंबोऱ्याकडे पुन्हा एकदा पाहिलं. "गुरुजीनं सांगतलं म्हणता तर मंग ठीकच हाय," म्हणाला, आणि हातोडी काढून तबल्याच्या कडेवर ठोकायला लागला. एकेका घरावर ठोकत ठोकत त्यानं तबला अर्धा सूर वर नेला. ते टकटक, टकटक कृष्णकांत खाली मान घालून ऐकत राहिला.

चारच्या सुमाराला खोली भरली. वकील आले, शाळेचे हेडमास्तर आले, आठ विद्यार्थिनी आल्या, त्यांच्या आया आल्या. तीसेक माणूस झालं. आधी वर्गातल्या पोरींनी एकेक चीज म्हटली. मग शरयू येऊन बसली. साधं पांढरं पातळ, जांभळा काठ. तिनं नानांच्या पायांवर डोकं ठेवलं, मग कृष्णकांताला वाकून नमस्कार केला, दर वर्षीसारखा. त्यानं डोक्यावर हात ठेवला. तो हात त्याला आपला वाटला नाही.

तंबोरा मांडीवर घेऊन तिनं पहिला सा लावला, आणि मान किंचित वळवून त्याच्याकडे पाहिलं.

पाहिलं म्हणजे नुसतं पाहिलं. तक्रार नाही, प्रश्न नाही. कृष्णकांतानं नजर खाली घेतली. आता ती तंबोरा खाली ठेवील, म्हणेल, दादा, जरा उतरव. पण तिनं तसं काही केलं नाही. डोळे मिटले आणि खालच्या निषादावरून सुरुवात केली.

पहिली पाच मिनिटं तो तिच्या मानेकडे पाहत होता. शीर अजून फुगली नव्हती. विलंबित सुरू झालं, प्रेमदासनं ठेका धरला. आणि कृष्णकांताच्या लक्षात यायला लागलं की काहीतरी आपल्या हिशेबाबाहेरचं चाललंय. काळी चारवर तिचे खालचे सूर नेहमी घुसमटलेले येत, पोटातून दाबून काढल्यासारखे. आज ते मोकळे येत होते. ती दाबत नव्हती. आवाज तिथं सहज बसत होता आणि हळूहळू वर सरकत होता, घाई न करता. मामा ओसरीवरून उठून आत आले आणि दाराशी उभे राहिले. वकिलांनी विडीसाठी खिशात घातलेला हात खिशातच ठेवला.

पंचम. निषाद. वरचा सा तिनं लावला तो असा, की हेडमास्तरांच्या तोंडून "अरे!" निघालं.

आता गंधार, कृष्णकांत मनात म्हणाला. आता फाटेल. देवा, आता फाटू दे. तीस माणसांत बसून, गुरूंच्या तसबिरीसमोर, स्वतःच्या बहिणीसाठी त्यानं हे मागितलं.

ती गंधारावर गेली आणि तिथं राहिली. शीर फुगली नाही. मान ताणली नाही. गंधारावरून ती मध्यमाला गेली, जिथं ती दहा वर्षांत कधी गेली नव्हती, तिथून खाली उतरली ती थेट समेवर. प्रेमदासनं सम दिली तेव्हा सगळी खोली "वा!" म्हणून ओरडली. एकटा कृष्णकांत सोडून.  इतकं सुंदर गाणं या घरात नाना गायचे तेव्हाही झालं नव्हतं. ते त्याला कळत होतं. ते कळत होतं, हेच तर दुखत होतं.

गाणं संपलं. कोणी उठेना. नाना काठीवर हनुवटी टेकून बसले होते. बऱ्याच वेळानं त्यांनी डोकं वर केलं.

"ही काळी चार नव्हती."

नानांनी काठीचं टोक तंबोऱ्याकडे केलं.

"तंबोरा कोणी लावला?"

प्रेमदासचा हात तबल्याच्या खोळीवर थांबला. त्यानं कृष्णकांताकडे पाहिलं. नानांनी सांगितलंय म्हणालात ना, असं ते पाहणं होतं.

"मी," कृष्णकांत म्हणाला. उभं राहावं की बसून राहावं ते त्याला कळेना. अर्धवट उभा राहिला.

"पांढरी सहा लावलीस तू."

"हो."

"इकडे ये."

तो गेला. पाया पडतो आणि सगळं सांगून टाकतो, असं त्याच्या मनात आलं. जिभेवरही आलं असेल. पण नानांनी त्याचं मनगट धरलं. 

"दहा वर्षं ही पोर खालच्या सुरांवर दाबून दाबून गात होती. वर पोचेपर्यंत गळा थकून जायचा. मला वाटायचं, हिची धावच तेवढी. तुला कळलं. माझ्या कानाला नाही कळलं ते तुझ्या कानाला कळलं." ते थांबले, श्वास घेतला. "तुझी पट्टी मी चुकवली रे, कृष्णा. चौदा वर्षांचं पोर तू. मी उतरवायला पाहिजे होती. नाही उतरवली. हिची तू चुकू दिली नाहीस."

सव्वीस वर्षं. हे वाक्य ऐकायला त्यानं सव्वीस वर्षं वाट पाहिली होती. स्नान करताना, पेटी पुसताना, झोप लागत नसताना त्यानं ते कितीदा नानांच्या तोंडी घालून पाहिलं होतं. आता ते आलं, तीस माणसांत, आणि त्याला घेता येईना, टाकता येईना. त्याच्या डोळ्यांतून पाणी वाहायला लागलं. लोकांना वाटलं, बापानं पाठ थोपटली म्हणून भरून आलं. वकिलांनीही डोळे टिपले.

"नाना..." तो म्हणाला, आणि पुढं काहीच बोलला नाही.

न बोलायला एक क्षण पुरतो. तो क्षण गेला आणि लोक उठले, गलका झाला. मामा सगळ्यांत मोठ्यानं बोलत होते. "आता काय अमरावती अन् फमरावती! दाजी, गुरुवारी मी सोता पोरीले घेऊन जातो नागपूरले. अन् त्या पान खाणाऱ्याले सांगून देतो, दुसरी पोरगी पाह्य म्हणून!" सुधा लगबगीनं आतून आली. तिच्या तोंडावर जे तेज होतं ते कृष्णकांतानं लग्नानंतर क्वचितच पाहिलं होतं.

"मला तरी सांगायचं की हो!" ती हळूच म्हणाली. "सकाळी मी तुम्हाला काय काय बोलले! आणि तुम्ही मनात हे घेऊन बसला होता होय? पेटी आत नेली तरी चकार शब्द नाही. उगीच मी वन्संवर जळत होते." आणि पदरानं नाक पुसत पुरणाकडे पळाली.

ती जे म्हणाली त्यातला शब्द न् शब्द खोटा होता, आणि तो कृष्णकांताला परत करता येण्यासारखा नव्हता.

दिवे लागले. माणसं अंगणात हात धुवायला गेली. गाण्याच्या खोलीत शरयू एकटी होती, कोपऱ्यात प्रेमदास तबला खोळीत घालत होता. कृष्णकांत आत आला आणि बहिणीसमोर सतरंजीवर बसला.

"शरू, मी..."

"मला माहीत आहे, दादा."

"काय माहीत आहे?"

"प्रेमदासभाऊंना तू म्हणालास, नानांनी सांगितलंय. मी मागच्या दारात पाणी भरत होते. नाना तर तेव्हा झोपले होते."

त्यानं तोंडावरून हात फिरवला. "मग बोलली का नाहीस? उतरवून दिला असता मी."

"बोलणारच होते. इथं येऊन बसले, सा लावला, तुझ्याकडं पाहिलं. तू खाली पाहिलंस. मग मला इतका राग आला की म्हटलं, आता याच पट्टीत गाते. फाटला गळा तर फाटू दे, पण दादासमोर फाटू दे." तिचा आवाज चढला नाही. "नंतर कळलं की हीच माझी पट्टी आहे. पण तुला ते माहीत नव्हतं."

"नव्हतं."

"मी पडावी, असं तुला हवं होतं."

कृष्णकांतानं मान वर केली. आज दुसऱ्यांदा त्याला खरं बोलायची संधी मिळाली होती, आणि या वेळी लपवायला काही उरलंच नव्हतं. "हो," तो म्हणाला.

शरयूनं ओठ चावला. चोवीस वर्षांची बाई होती ती, पण क्षणभर तिचा चेहरा पडून गुडघा फुटलेल्या पोरीसारखा झाला. मग तिनं तो सावरला.

"नानांना मी सांगणार नाही. त्यांना ते एवढं बोलायला सव्वीस वर्षं लागली. मी कशाला मोडू?"

"गुरुवारी मी येतो नागपूरला. नीट लावून देतो. तुझी शपथ घेऊन सांगतो, शरू, आता..."

"तू ये. नाही आलास तर नाना विचारतील. पण तंबोरा मी लावीन."

आणि तिनं तंबोरा ओढून घेतला, चारी खुंट्या सैल केल्या. त्यानं दुपारी लावलेलं सगळं उतरवून टाकलं. मग एकेक तार पुन्हा चढवायला लागली. तिला हे त्यानं कधी शिकवलं नव्हतं. शेजारी बसून, पाहून पाहून ती शिकली असणार. जोडीच्या तारा तिनं चटकन मिळवल्या. हेही हिला येतं, असं त्याच्या मनात आलंच. एवढं सगळं होऊन गेल्यावरही आलं, आणि त्याची त्याला शरम वाटली.

बाहेरून नानांचा घोगरा आवाज आला. "कृष्णा कुठे आहे? त्याचं पान माझ्याशेजारी मांडा."

"आलेच ते," सुधानं तिथूनच उत्तर दिलं.

तो उठला नाही. शरयू पंचम लावत होती. तो आधी किंचित उतरलेला होता. तिनं तारेतला मणी अगदी कणभर सरकवला, पुन्हा छेडला. चारी तारा एकमेकींत मिसळून गेल्या. पांढरी सहा, शुद्ध, कुठं खोट नाही. इतका स्वच्छ तंबोरा त्याच्या हातूनही रोज लागत नसे.

"लागला," कृष्णकांत म्हणाला.

तो खरं बोलत होता. मत्सर असो, काही असो, सुराच्या बाबतीत आता तो तिच्याशी उभ्या जन्मात खोटं बोलला नसता. शरयूनं त्याचं ऐकलं. तारांवरून एकदा बोटं फिरवली. मग मान वळवली ती त्याच्याकडे नाही, कोपऱ्याकडे.

"प्रेमदासभाऊ, जरा ऐकता का? हा लागला का बघा."

प्रेमदासनं खोळीची दोरी हातातच धरली. त्यानं कृष्णकांताकडे पाहिलं आणि लगेच नजर काढून घेतली. जवळ येऊन उकिडवा बसला, भोपळ्याशी कान नेला, आणि चारी तारा दोनदा वाजू दिल्या.

"लागला, ताई," तो म्हणाला.

तेव्हा कुठे तिनं खुंटीवरचा हात काढला.